कपॅसिटर बँक की स्टॅटकॉम?

चाळकेवाडीच्या पठारावर जुन्या पवनचक्क्या सांभाळणारा मित्र विचारत होता: कपॅसिटर वाढवू की स्टॅटकॉम (तेच काम इलेक्ट्रॉनिक स्विचिंगने करणारं यंत्र) बसवू? दोन्ही रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर, म्हणजे यंत्रातलं चुंबकीय क्षेत्र टिकवायला लागणारी पण प्रत्यक्ष काम न करणारी पॉवर, पुरवून व्होल्टेज सावरतात.

खर्च आणि देखभाल दोन्हींत कपॅसिटर सरस. खरी कसोटी व्होल्टेज पडतं तेव्हा. जुना इंडक्शन जनरेटर रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर ग्रिडमधूनच ओढतो. व्होल्टेज ९० टक्क्यांवर आलं की कपॅसिटरचा आधार ८१ टक्क्यांवर घसरतो, म्हणजे ऐन गरजेला हात आखडता. स्टॅटकॉम ९० टक्के देतो, तेही काही मिलिसेकंदांत. कपॅसिटर जोडणारा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, खट्‌कन लागेपर्यंत चक्की ट्रिप झालेली असते आणि आषाढातला भरवारा फुकट जातो. जीव हळहळतो.

लाइन भक्कम असेल, फक्त पॉवर फॅक्टर (एकूण पॉवरमधला प्रत्यक्ष कामाचा वाटा) सुधारायचा असेल, तर कपॅसिटर पुरे. लांबलचक, कमजोर फीडरच्या (वीजवाहिनीच्या) टोकाला असाल तर मात्र स्टॅटकॉमच घ्या.