उन्हाळ्यातला कराटेचा ड्रेस : तीन कापडांचा अनुभव

नागपुरात नऊ वर्षे आणि त्यानंतर मुंबईत चार वर्षे शोतोकान शैलीच्या कराटेचा सराव करताना मी तीन प्रकारचे ड्रेस वापरले आहेत : 12 औंसांचा जाड सुती कॅनव्हास, 8 औंसांचे पातळ सुती कापड आणि कुमितेसाठी (समोरासमोरच्या लढतीसाठी) मिळणारा पॉलिएस्टरचा जाळीदार ड्रेस. उन्हाळ्यासाठी ड्रेस घ्यायला गेले की दुकानात पहिला प्रश्न येतो तो हलका हवा की भारी, एवढाच. आणि बहुतेक पालक व नवशिके हलक्याकडे बोट दाखवून मोकळे होतात. तेरा उन्हाळ्यांनंतर मला हा प्रश्न अपुरा वाटतो. ड्रेस किती तापेल हे त्याच्या वजनाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, आपल्या गावच्या हवेत घाम वाळतो की नाही यावर ठरते, आणि म्हणूनच नागपुरात मला मनापासून आवडलेला ड्रेस मुंबईत दोन आठवड्यांत नकोसा झाला.

आधी औंसाविषयी थोडेसे. लेबलवरचा हा आकडा संपूर्ण ड्रेसच्या वजनाचा नसतो. एक चौरस यार्ड कापडाचे ते वजन असते. आपल्या मापात सांगायचे तर 8 औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे 270 ग्रॅम आणि 12 औंस म्हणजे सुमारे 400 ग्रॅम. क्लासमधून सुरुवातीला मिळणारा टेरीकॉटचा ड्रेस याहूनही पातळ असतो. त्यात सुताबरोबर पॉलिएस्टर असले तरी ते घाम वाहून नेणाऱ्या विणीचे नसते, त्यामुळे तो अंगाला चिकटतो आणि वाराही खेळू देत नाही. उन्हाळ्याच्या दृष्टीने तो मला कधीच पटला नाही, म्हणून त्याची चर्चा इथेच थांबवते.

12 औंसांचा कॅनव्हास मी नागपुरात घेतला तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढले होते. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जाणाऱ्या शहरात ताडपत्रीसारखे कापड कशासाठी घालायचे, ही शंका चूक नव्हती. मात्र हे कापड ताठ असल्यामुळे अंगापासून थोडे दूर उभे राहते. प्रत्येक त्सुकीबरोबर, म्हणजे ठोशाबरोबर, बाहीत आणि छातीवर हवा आत-बाहेर होते, आणि नागपूरची कोरडी हवा घाम त्वचेवरूनच उडवून नेते. पहाटे सहाच्या वर्गात हा ड्रेस मला कधी जड गेला नाही. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करताना कापडाच्या फटकाऱ्याचा जो स्वच्छ आवाज येतो, त्यातून आपला हात वेळेवर थांबला की नाही हे कानाला कळते, आणि त्या शिक्षणाची किंमत मी कमी लेखणार नाही. संध्याकाळी साडेपाचच्या वर्गात मात्र पत्र्याच्या छपराखाली अर्ध्या तासानंतर कापड भिजू लागे, आणि भिजलेला कॅनव्हास म्हणजे खांद्यावर टाकलेली ओली सतरंजीच. एकदा सरावाआधी आणि नंतर मी तो घरच्या काट्यावर ठेवून पाहिला : कोरडा दीड किलोचा ड्रेस परतताना दोन किलोंच्या जवळ गेला होता.

मुंबईत हाच ड्रेस निरुपयोगी ठरला. तिथे एप्रिल-मे महिन्यात तापमान नागपूरपेक्षा दहा अंशांनी कमी असते, पण हवाच इतकी ओली असते की घाम वाळायला जागाच उरत नाही. घाम आल्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळल्याने होते. ही साधी गोष्ट मला कळली ती दादरजवळच्या एका बंद हॉलमध्ये, पंधराव्या मिनिटाला डोके गरगरू लागल्यावर. शिवाय रात्री दोरीवर टाकलेला कॅनव्हास सकाळी दमटच असायचा आणि तोच पुन्हा अंगावर चढवल्यामुळे मानेवर व काखेत घामोळ्या उठल्या. पावसाळा लागला तेव्हा तो मी कपाटात ठेवून दिला.

8 औंसांच्या सुती ड्रेसविषयी माझे मत मध्यम आहे. तो स्वस्त आहे, धुवायला सोपा आहे आणि नागपूर, अकोला, जळगाव, संभाजीनगर अशा कोरड्या उन्हाच्या गावांत बहुतेकांनी हाच घ्यावा असे मी सांगेन. दमट हवेत मात्र त्याचा दोष उघड होतो : पातळ सूत भिजले की दुसऱ्या कातडीसारखे पाठीला चिकटते, गेरी (लाथ) करताना विजार मांडीवर अडकते आणि आत हवा शिरायला वाट राहत नाही. घेताना एक मात्र जरूर पाहावे. सुती ड्रेस पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतो, म्हणून आपल्या उंचीपेक्षा एक माप मोठा घ्यावा. मापे दहा-दहा सेंटीमीटरने वाढतात, 4 नंबर साधारण 170 सेंटीमीटर उंचीसाठी आणि 5 नंबर 180 साठी असतो. आटून बाही कोपराकडे सरकली तर स्पर्धेत अडचण होते, कारण जागतिक कराटे महासंघाच्या नियमांनुसार बाहीने निदान अर्धा पुढचा हात आणि विजारीने नडगीचा दोन-तृतीयांश भाग झाकावा लागतो, आणि उकडते म्हणून बाह्या दुमडण्याची मुभा नाही.

मुंबईत शेवटी मी ज्यावर स्थिरावले तो पॉलिएस्टरचा कुमिते ड्रेस. सूत नेहमीच्या हवेतच आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे घाम धाग्यात मुरत नाही, विणीतून पसरतो आणि पंख्याखाली उभे राहिले तरी लवकर उडतो. पाठीवर आणि काखेखाली जाळीचे कापड असलेला ड्रेस निवडल्याचा फरक मला पहिल्याच दिवशी जाणवला. त्याच काट्यावर सरावानंतर त्याचे वजन शे-दीडशे ग्रॅमच वाढलेले दिसले आणि रात्री धुतलेला ड्रेस पहाटे कोरडा मिळाला. आठवड्यातून पाच दिवस सराव करणाऱ्या आणि एकाच ड्रेसवर भागवणाऱ्या व्यक्तीसाठी हा गुण इतर सर्व गुणांपेक्षा मोठा आहे. त्याच्या उणिवाही आहेत. घामाचा वास त्यात सुतापेक्षा जास्त टिकतो, म्हणून तो घरी येताच पाण्यात टाकावा लागतो. कपडे मऊ करणारे द्रव वापरले तर धाग्यावर थर बसून घाम पसरण्याची क्रिया मंदावते. आणि कात्यात त्याला आवाज नाही, भार नाही. माझ्या पहिल्या अशा ड्रेसची विजार सहा महिन्यांत दोन पायांमधल्या जोडावर उसवली होती, तेव्हा घेताना तिथली शिवण दुहेरी आहे का हे ओढून पाहावे.

महिलांच्या बाबतीत आणखी एक थर धरावा लागतो, आणि ड्रेस विकणारे याविषयी क्वचितच बोलतात. जाकिटाच्या आत साधा पांढरा टी-शर्ट घालण्याची परवानगी महिला स्पर्धकांना आहे आणि सरावातही आम्ही तो घालतोच. हा टी-शर्ट सुती असेल तर बाहेरचा ड्रेस कितीही चांगला असला तरी उपयोग होत नाही, कारण सगळा घाम तोच पिऊन बसतो. अंगाबरोबर बसणारा, पातळ, खेळाच्या कापडाचा टी-शर्ट घेतल्यावर माझ्या पाठीवरच्या घामोळ्या पूर्ण गेल्या; या एका बदलाचा मला ड्रेस बदलण्याइतकाच फायदा झाला. पुरुषांनी सवयीने आत घातलेले बनियन उन्हाळ्यापुरते काढून ठेवावे.

जाड ड्रेस हीच खरी परंपरा आहे, असे काही ज्येष्ठ विद्यार्थी सांगतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मला असे वाटते की इतिहास या म्हणण्याला आधार देत नाही. कराटे जपानच्या ज्या ओकिनावात वाढले ते बेट स्वतःच उष्ण आणि दमट आहे, आणि तिथले जुने साधक रोजच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगाने सराव करत. तिथलेच कराटे शिक्षक गिचिन फुनाकोशी यांनी 1922 मध्ये तोकियोत कराटेची प्रात्यक्षिके दाखवली, त्यानंतर जिगोरो कानो यांच्या ज्युदोतील पांढरा पोशाख कराटेने उचलला, आणि तोही ज्युदोपेक्षा हलक्या कापडात. आपल्याकडच्या तालमीतही लाल मातीत उतरताना लंगोटच कसला जातो. अंगावर कापड किती असावे हे हवामानाने आणि कलेच्या गरजेने ठरवले आहे.

ज्युदोची गरज मात्र वेगळी आहे, हे इथे नोंदवायला हवे. तिथे प्रतिस्पर्धी कॉलर आणि बाही धरून ओढतो, त्यामुळे आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या ड्रेसचे कापड चौरस मीटरला 650 ते 750 ग्रॅम असावे लागते आणि त्यात निदान 70 टक्के सूत लागते. माझी धाकटी बहीण ज्युदो खेळते; ती रोजच्या सरावाला एकेरी विणीचा हलका ड्रेस घालते आणि दुहेरी विणीचा स्पर्धेआधीच्या दोन-तीन आठवड्यांतच बाहेर काढते, म्हणजे शरीराला त्या भाराची आणि उष्णतेची सवय होते. उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतातच, त्यामुळे ही पद्धत मला योग्य वाटते.

सध्या माझ्याकडे दोन ड्रेस वापरात आहेत. मुंबईत मार्च ते ऑक्टोबर जाळीदार पॉलिएस्टर. डिसेंबर-जानेवारीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला गेले की पहाटेच्या वर्गाला तोच जुना 12 औंसांचा कॅनव्हास. गेल्या मे महिन्यात तो पुन्हा अंगावर चढवला, हेइयान शोदान या कात्याच्या पहिल्याच त्सुकीला त्याचा फटकारा घुमला, आणि वर्ग सुटेपर्यंत पाठीवरचा घाम वाळलेलाही होता.