मे की दिवाळी? मुलांच्या आधाराचं काम शिकायला सुट्टीतला कोणता ऑनलाइन कोर्स घ्यावा

सुट्टी लागायच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर कोर्सच्या लिंका पडू लागतात. समुपदेशन, समावेशित शिक्षण, बालसंरक्षण, मानसिक प्रथमोपचार, सगळंच उपयोगी दिसतं. घाईघाईत तीन-चार ठिकाणी नाव नोंदवलं जातं आणि १५ जूनला शाळा उघडते तेव्हा एकही कोर्स पुरा झालेला नसतो. हा आढावा त्या नोंदणीच्या आधी वाचायचा आहे. वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, शाळेतले समुपदेशक आणि समावेशित शिक्षणाचे साधनव्यक्ती यांच्यासाठी तो आहे. अंगणवाडीला शाळेसारखी सलग दीड महिना सुट्टी नसते, त्यामुळे तिथलं गणित वेगळं.

निवड करताना एक साधी गोष्ट हमखास विसरली जाते. सुट्टीत आपल्याकडे वेळ असतो, पण समोर मूल नसतं. या कामाचा अर्धा भाग वाचून, ऐकून येतो. उरलेला अर्धा मुलाकडे बघितल्याशिवाय येत नाही. म्हणून कोर्स चांगला आहे का, हे नंतर पाहावं. आधी विचारावं, की त्याचा गृहपाठ मुलांशिवाय होण्यासारखा आहे का?

वेळ खरोखर किती मिळतो

मे महिन्याची सुट्टी कागदावर सहा आठवड्यांची. पहिला आठवडा निकालपत्रकं आणि नोंदवह्यांत जातो, दोन आठवडे गाव, लग्नकार्य आणि घरची कामं. निवडणूक किंवा जनगणनेची ड्यूटी लागली तर आणखी कपात. राहिले तीन आठवडे. आठवड्याचे पाच दिवस, रोज दीड तास धरला तर साडेबावीस तास होतात. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे उघडतात, म्हणून तिथे एक आठवडा जास्त. पण दुपारच्या उन्हात, वीज जात-येत असताना बसणं होत नाही. तिथे सकाळी सहा ते साडेसात हीच खरी वेळ.

दिवाळीची सुट्टी साधारण दोन आठवड्यांची. सणाचे आणि फराळाचे दिवस वजा केले तर सहा दिवस उरतात, म्हणजे नऊ तास.

| | मे | दिवाळी |
|---|---|---|
| हाती येणारा वेळ | २० ते २२ तास | ८ ते ९ तास |
| मुलांची ओळख | जुना वर्ग गेला, नवा आलेला नाही | चार महिन्यांची ओळख झालेली |
| शिकलेलं वापरायची संधी | दीड महिन्याने | आठवड्याभरात |
| काय जमतं | कायदा, पाया, चाचणी असलेला कोर्स | निरीक्षण, नोंदी, छोटा सराव |

तास मोजले तर मे जिंकतो. पण मुलांच्या वर्तनावरचा कोर्स मेमध्ये केला तर जून-जुलैच्या प्रवेश आणि पुस्तकवाटपाच्या गडबडीत त्यातलं निम्मं विरून जातं. तोच कोर्स दिवाळीत केला तर ‘अमुक मूल डबा खाताना एकटं का बसतं’ असा ठोस प्रश्न डोक्यात असतो आणि पुढच्याच सोमवारी त्या मुलाकडे नव्या नजरेने बघता येतं. तास कमी असूनही या कामासाठी दिवाळी उजवी, असं आमचं मत आहे. कायद्याचं मात्र उलट. ते शांतपणे, सलग वाचायचं असतं आणि शाळा उघडण्याआधी माहीत असलेलं बरं.

स्वतःच्या गतीचा, थेट तासांचा की सत्राचा

*स्वतःच्या गतीने* चालणाऱ्या कोर्सचं आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं रूप म्हणजे दीक्षा, शिक्षकांसाठीचं सरकारी ऑनलाइन व्यासपीठ. २०१७ पासून ते आहे आणि २०२० मध्ये ‘निष्ठा’ हे शिक्षकांचं देशव्यापी प्रशिक्षण ऑनलाइन झालं ते त्यावरच. प्राथमिक स्तराच्या १८ मॉड्यूलमध्ये बालहक्क आणि पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यावरचंही एक होतं. एका मॉड्यूलला तीन-चार तास पुरतात, मराठीत मिळतं, पैसे लागत नाहीत. निष्ठाच्या प्रमाणपत्रासाठी सगळे घटक पूर्ण करून अंतिम चाचणीत ७० टक्के गुण लागतात, आणि चाचणीचे प्रयत्न तीनच. नव्या शैक्षणिक धोरणातल्या वर्षाच्या ५० तासांच्या अपेक्षेत हे तास धरता येतात.

इथे अडतं ते अभ्यासात नाही, तांत्रिक गोष्टींत. एकदा राज्याच्या लॉगिनने आणि दुसऱ्यांदा गूगलने आत गेलात की दोन खाती होतात आणि प्रगती दोन्हीकडे वाटली जाते. खाती एकत्र करायची सोय अ‍ॅपमध्ये आहे, पण ती पहिल्या दिवशी वापरावी, शेवटच्या नव्हे. व्हिडिओ पुढे ओढून संपवला तर घटक पूर्ण झाल्याची खूण पडत नाही आणि लोक ‘९७ टक्क्यांवर अडकलं’ म्हणून हैराण होतात. डाउनलोड करून नेटशिवाय पाहिलं असेल तर नंतर नेट लावून प्रगती अद्ययावत करावी लागते. प्रमाणपत्रावर प्रोफाइलमधलं नाव जसंच्या तसं छापलं जातं. तिथे टोपणनाव किंवा अर्धंच नाव असेल तर ते सेवापुस्तकाशी जुळत नाही. आणि नोंदणी कोर्सच्या शेवटच्या तारखेच्या काही दिवस आधीच बंद होते.

याच प्रकारातले परदेशी पर्याय दोन. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा मानसिक प्रथमोपचाराचा कोर्स कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर आहे. पाच-सहा तासांचा, इंग्रजीत, उपशीर्षकांसह. घाबरलेल्या माणसाचं ऐकायचं कसं, गरज ओळखायची कशी, कुणाला आधी मदत द्यायची आणि पुढे कुणाकडे सोपवायचं, असा त्याचा क्रम आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीच्या ओपनलर्नवर बालविकास आणि विशेष गरजांचे बरेच मोफत कोर्स आहेत. त्यातले बॅज देणारे साधारण २४ तासांचे, म्हणजे एका मे महिन्यात जेमतेम एकच बसतो. मजकूर उत्तम असतो. अडचण एकच, पण मोठी: मुलावर अत्याचार झाल्याचा संशय आला तर कुणाला कळवायचं, हा भाग तिथल्या कायद्याप्रमाणे सांगितलेला असतो. तो इथे चालत नाही. ते प्रकरण वाचलं तरी वहीत उतरवू नका.

*थेट तासांचे* कोर्स झूमवर होतात. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतला ‘संवाद’ हा उपक्रम २०२० पासून बालसंरक्षण आणि मुलांच्या मानसिक आरोग्यावर प्रशिक्षण देतो. या विषयात आपल्याकडे त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. थेट तासाचा खरा फायदा प्रश्न विचारण्यात आहे. ‘मूल म्हणतंय, कुणाला सांगू नका, मग मी काय करू?’ याचं उत्तर व्हिडिओ देऊ शकतो, पण तुमच्या उलटप्रश्नाचं नाही. तोटा असा, की वेळ त्यांची असते. एक तास हुकला तर पुन्हा मिळेलच असं नाही, आणि उपस्थिती लॉगिनच्या नावावरून धरली जाते. मुलीच्या फोनवरून, तिच्या नावाने आत गेलात तर हजेरी तिची लागते. डेटाचाही हिशोब करा: कमी दर्जाचा रेकॉर्ड केलेला व्हिडिओ तासाला अडीचशे-तीनशे एमबी घेतो, झूम साधारण पाऊण ते एक जीबी. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर दोन तासांच्या सत्रात तो संपतो, तोही बहुधा प्रश्नोत्तरांच्या वेळी.

विशेष शिक्षकांना इथे वेगळा नियम लागू होतो. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १०० सीआरई (सातत्यपूर्ण पुनर्वसन शिक्षणाचे) गुण लागतात. हे गुण फक्त परिषदेची मान्यता असलेल्या कार्यक्रमालाच मिळतात. दीक्षाचं किंवा कोर्सेराचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. पैसे भरण्याआधी आयोजकांकडून मान्यतेचं पत्र आणि गुणांची संख्या लेखी घ्या. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ या वाक्यावर पैसे भरू नका. वर्षाला २० गुणांची सरासरी ठेवली तर शेवटच्या वर्षी धावपळ होत नाही, आणि त्यासाठी मे महिनाच सोयीचा.

*सत्राचे* कोर्स, म्हणजे स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ किंवा इग्नू हे मुक्त विद्यापीठ, सुट्टीत बसत नाहीत. तरी लोक तिथे फसतात म्हणून सांगणं आलं. स्वयमची सत्रं जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. शिकणं मोफत, प्रमाणपत्र हवं तर परीक्षा शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा. मे महिन्यात ‘आता वेळ आहे’ म्हणून शोधायला गेलात तर जानेवारीचं सत्र संपलेलं आणि जुलैचं सुरू व्हायचं असतं. ज्यांनी जानेवारीतच नाव घातलं त्यांना मात्र सुट्टी अभ्यासाला मिळते. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. जूनची परीक्षा नेमकी शाळा उघडण्याच्या दिवसांवर येते, तेव्हा मुख्याध्यापकांना एप्रिलमध्येच कल्पना द्यावी.

पूर्णवेळ समुपदेशकाकडे वळायचं असेल तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका कोर्स आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी जवळचं केंद्र भोपाळचं. तो वर्षभराचा असतो: सहा महिने दूरस्थ, तीन महिने प्रत्यक्ष आणि तीन महिने इंटर्नशिप. मे महिन्याच्या दोन-तीन सर्टिफिकेटांनी ही जागा भरून निघत नाही. आठ तासांच्या कोर्सनंतर दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणं मुलांच्या दृष्टीने धोक्याचं आहे.

तुमची गरज कोणती

पोक्सो आणि बालसंरक्षणाची पक्की माहिती नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून मेमध्ये तेच करा. २०१२ च्या या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याची माहिती किंवा तशी भीती असणाऱ्या कुणीही विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी शाळेत चौकशी करून खात्री करू, मग बघू, ही मुभा कायदा देत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीबद्दलची माहिती दडवली तर एक वर्षापर्यंत. कोर्स निवडताना त्यात कळवण्याच्या पायऱ्या, बाल कल्याण समितीची भूमिका आणि १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाचा उल्लेख आहे का, हे आधी पाहा. नुसता ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ असेल तर तो मुलांसाठीचा धडा झाला, मोठ्यांसाठीचा नाही. शाळेतल्या सखी सावित्री समितीतल्या (मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या समितीतल्या) सगळ्या सदस्यांनी एकच कोर्स एकाच आठवड्यात केला तर जूनच्या पहिल्या बैठकीत सगळे निदान एकाच भाषेत बोलतात.

वर्गातल्या एखाद्या मुलाच्या शिकण्यात अडचण दिसत असेल तर दिवाळी धरा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे आणि त्याच्या प्राथमिक छाननीसाठी एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ अ‍ॅप आहे. पहिला टप्पा वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा विशेष शिक्षकाने तपासायचा. या छाननीचं प्रशिक्षण मेमध्ये घेतलं तर भरायला मूलच नसतं, आणि जूनमध्ये पंधरा दिवसांच्या ओळखीवर यादी भरली की फक्त लाजरी असलेली मुलंही त्यात येतात. दिवाळीपर्यंत निरीक्षणाला आधार असतो. एक खबरदारी: ही छाननी म्हणजे निदान नव्हे. पालकांना ‘तुमच्या मुलाला अमुक आहे’ असं सांगायचा अधिकार त्यातून मिळत नाही.

मुलांच्या ताणावर, परीक्षेच्या भीतीवर काम करायचं असेल तर मानसिक प्रथमोपचाराचा छोटा कोर्स दिवाळीत आणि त्याला जोडून एखादं थेट सत्र, ही जोडी चांगली. सोबत ‘टेलिमानस’चा १४४१६ आणि ‘मनोदर्पण’चा ८४४८४४०६३२ हे मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचे क्रमांक वर्गाच्या फळ्याशेजारी लावा.

फक्त वरिष्ठ किंवा निवड वेतनश्रेणीसाठी प्रमाणपत्र हवं असेल तर या आढाव्यातलं काहीच कामाचं नाही. त्या प्रशिक्षणाचे आदेश वेगळे निघतात. इतर कोर्स त्यात धरले जात नाहीत.

नाव नोंदवायच्या आधी दहा मिनिटं

कोर्सच्या पानावर चार गोष्टी शोधा: एकूण तास, गृहपाठाचं स्वरूप, भाषा आणि शेवटची तारीख. तास तुमच्या बावीस किंवा नऊमध्ये बसत नसतील तर दुसरा शोधा. गृहपाठात ‘एका मुलाचा अभ्यास सादर करा’ असेल तर तो मेमध्ये घेऊ नका. जुन्या आठवणीवरून लिहिलेला अभ्यास बहुधा रचलेला असतो. दिवाळीत असा अभ्यास लिहाल तेव्हा मुलाचं नाव, शाळा, गाव, फोटो, काहीही अपलोड करू नका. नाव बदलून गाव तेच ठेवलं तर छोट्या गावात मूल ओळखू येतं. अत्याचार झालेल्या मुलाची गोष्ट तर गृहपाठात घ्यायचीच नाही; त्या मुलाची ओळख उघड होणं हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो.

सुट्टीत स्वतःहून केलेल्या कोर्सची भरपाई रजा मिळत नाही. वरिष्ठांनी बोलावलं असेल तर आदेश लेखी घ्या, तरच रजेचा विषय काढता येतो. प्रमाणपत्र आल्यावर एक प्रत मुख्याध्यापकांकडे आणि एक स्वतःच्या ई-मेलमध्ये ठेवा. फोन बदलला की डाउनलोडमधल्या फाइली जातात.

आणि मेचा कोर्स ५ जूनच्या आत संपवा. त्यानंतरच्या दहा दिवसांत पाठ्यपुस्तकं, प्रवेश आणि शाळेची साफसफाई सुरू होते, आणि शेवटची चाचणी तिथेच राहून जाते.