पाणी एकराने वाटायचं, घराने की पावतीने?

खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ किंवा माण-खटावातल्या ज्या गावात उपसा योजनेचं पाणी नव्याने येणार असतं, तिथे पहिली चर्चा हमखास पाइपच्या व्यासावर होते. वाटपाचा नियम 'नंतर बघू' म्हणून बाजूला पडतो. पण व्हॉल्व्ह कुठे आणि किती बसले, यावरच निम्मं वाटप ठरून गेलेलं असतं. दुष्काळी भागात पाणी ज्याच्या शिवारात, त्याच्याच जमिनीचा भाव आणि पत वाढते, आणि बाकीचे त्याच्याकडे मजुरीला जातात. म्हणून खोदाईआधीच नियम ठरवावा. गावापुढे पर्याय मुख्यतः तीन आहेत.

हिशेबासाठी एक गाव धरू. वर्षाला १० लाख घनमीटर पाणी, ५०० हेक्टर लाभक्षेत्र (योजनेचं पाणी मिळणारी जमीन), २५० कुटुंबं, त्यातली काही भूमिहीन.

पावतीने. ज्याने सात नंबरचा, म्हणजे पाणी मागणीचा, अर्ज भरला आणि पाणीपट्टी भरली, त्याला पाणी. कागद कमी, भांडणं सुरुवातीला कमी. ज्याच्याकडे अस्तरीकरण केलेलं शेततळं आणि हातात रोख आहे, तो आवर्तन (योजनेतून ठराविक दिवस पाणी सोडण्याची पाळी) सुटल्याबरोबर भरून घेतो; ज्याचे पैसे हरभरा विकल्यावर येणार, तो मागे राहतो. हा पर्याय मुद्दाम कोणी निवडत नाही. काहीच ठरवलं नाही की आपोआप हाच लागू होतो.

एकराने. कायद्याला हाच सोयीचा. सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याखाली पाणी वापर संस्था होते, तिला पाणी मोजून मिळतं, आणि सभासदाचा हक्क लाभक्षेत्रातल्या जमिनीवरून ठरतो. आपल्या गावात हेक्टरी २,००० घनमीटर पडतात. सहा हेक्टरवाल्याला १२,०००, अर्ध्या हेक्टरवाल्याला १,०००, भूमिहीनाला शून्य. म्हणजे जमिनीची जुनी विषमता पाइपातून नव्याने वाहायला लागते.

वसुलीची एक खोच इथे आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के वाटा सरकारचा आणि १९ टक्के लाभधारकांचा, असं सूत्र आहे. हा लाभधारकांचा वाटा गोळा करायचा सोपा रस्ता म्हणजे कारखान्याने ऊसबिलातून कापून घेणं. त्यामुळे ऊसवाला 'चांगला' लाभधारक ठरतो, आणि ज्वारी-मटकीवाला थकबाकीदार. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी २० हजार घनमीटरच्या वर पाणी लागतं. थोड्या हेक्टरांत गावाचा वाटा संपवायला याहून सोपं पीक नाही.

घराने. प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा, जमीन असो वा नसो. आपल्या गावात ४,००० घनमीटर. तेवढ्यात हेक्टरभर रब्बी ज्वारी निघते, ठिबकवर एकर-सव्वा एकर डाळिंब निघतं, ऊस मात्र जेमतेम अर्धा एकर.

ही कल्पना बाहेरून आलेली नाही. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदूळवाडी-बलवडीजवळचं बळीराजा स्मृती धरण लोकांनी उभं केलं. १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार त्या चळवळीत होते, नदीतल्या वाळूच्या विक्रीतून काही पैसा उभा राहिला, आणि पाण्यावर भूमिहीनांचाही हक्क मानला गेला. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने १९७२ च्या दुष्काळानंतर माणशी अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर असा नियम केला. ऊस बंद, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क सोबत जाणार नाही. आटपाडीच्या पाणी चळवळीने कुटुंबाला वर्षाला ५,००० घनमीटर हा आकडा लावून धरला, तो याच वाटेवरचा.

'भूमिहीन पाणी घेऊन करणार काय?' हा प्रश्न ग्रामसभेत हटकून येतो. उत्तर साधं आहे. सहा हेक्टरवाल्याची बरीच जमीन कोरडी राहते. भूमिहीन कुटुंब आपलं पाणी घेऊन त्या जमिनीत निम्म्या वाट्याने पीक घेतं, किंवा शेळ्यांसाठी चारा करतं. फक्त मजुरी विकणाऱ्या माणसाच्या हातात सौद्याला आणखी एक गोष्ट येते. घराने वाटपाचं खरं बळ इथे आहे, लिटर-लिटरच्या समानतेत नाही.

ते बिघडतं कुठे, तेही ठाऊक असावं. पहिलं, घरं फुटतात: नियम जाहीर झाला की तीन महिन्यांत रेशनकार्डं वाढतात. म्हणून कुटुंबयादीची तारीख नियमाच्या आधीची धरावी. विधवा आणि परित्यक्ता यांना मात्र स्वतंत्र कुटुंब मानावं, आणि बाकी वाटे नवरा-बायको दोघांच्या नावे लिहावेत. दुसरं, गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात परमुलखात गेलेली घरं. त्यांचा वाटा मोडू नये, पण ते परतेपर्यंत सामाईक खात्यात जमा करावा. नाहीतर भावकीतला एकजण चार घरांचं पाणी उपसतो. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला आवर्तन निवडायची मुभा हवी. तिसरं, कायदा. कागदावर हक्क क्षेत्राचा असल्यामुळे एखाद्या मोठ्या खातेदाराने तक्रार केली की गावचा ठराव लंगडा पडतो. जास्त जमीनवाल्यांची लेखी संमती काम सुरू होण्याआधी, मुद्रांकावर घ्यावी. पाणी आल्यावर ती मिळत नाही.

आमचा कौल मिश्र पद्धतीला आहे: आधी प्रत्येक घराला २,५०० घनमीटर, उरलेले पावणेचार लाख क्षेत्राप्रमाणे, म्हणजे हेक्टरी ७५०.

| कुटुंब | एकराने | घराने | मिश्र |
|---|---|---|---|
| सहा हेक्टर | १२,००० | ४,००० | ७,००० |
| अर्धा हेक्टर | १,००० | ४,००० | २,८७५ |
| भूमिहीन | ० | ४,००० | २,५०० |

(आकडे घनमीटरमध्ये, वर्षाचे.)

निव्वळ घराने वाटप जास्त न्याय्य आहे, यात शंका नाही. पण मोठा खातेदार पूर्ण बाहेर फेकला गेला की तो पाइपला भोक पाडतो किंवा कोर्टात जातो, आणि दोन्हीत नुकसान शेपटाकडच्याचं, म्हणजे पाइपच्या शेवटच्या टोकाला असलेल्याचं. जिथे चळवळ जुनी आणि संघटना पक्की आहे, तिथे थेट घराने जावं. बाकी गावांनी मिश्रपासून सुरुवात करावी, आणि घरामागचा मूळ वाटा दर दोन-तीन वर्षांनी वाढवत न्यावा.

आता पाइप. पाच आवर्तनं धरली तर प्रत्येकात दोन लाख घनमीटर. २१ दिवस रात्रंदिवस पाणी सोडलं तर सेकंदाला ११० लिटर, म्हणजे सेकंदाला १० लिटर सोडणारे अकरा व्हॉल्व्ह एकाच वेळी चालू. वीज जाणं धरून एकाच वेळी चौदा-पंधरा चालवायची तयारी ठेवावी. अशा एका व्हॉल्व्हमधून तासाला ३६ घनमीटर पडतात, त्यामुळे २,५०० च्या मूळ वाट्यातले आवर्तनाचे ५०० घनमीटर घ्यायला सुमारे १४ तास लागतात.

पण तासांवर वाटप करू नका. डोक्याकडच्या, म्हणजे पाइपच्या सुरुवातीच्या, व्हॉल्व्हला दाब जास्त, तिथे १० ऐवजी १४ लिटर पडतात आणि शेपटाला सात; तास सारखे, पाणी दुप्पट. प्रत्येक व्हॉल्व्हवर मीटर बसवा, पाळी शेपटाकडून सुरू करा, आणि एका व्हॉल्व्हवर आठ-दहापेक्षा जास्त कुटुंबं ठेवू नका. खर्च वाचवायला गाव सगळ्यात आधी मीटर कापतं. पैसे कमी पडलेच तर दोन व्हॉल्व्ह कमी करा, मीटर कापू नका.

पाणीपट्टी दर घनमीटरला, वापरलेल्या पाण्यावर, आवर्तनानंतर पंधरा दिवसांत. भूमिहीनाकडून आगाऊ मागू नये. त्याने वाटा वर्षापुरता दुसऱ्याला दिला असेल तर पट्टी वापरणाऱ्याने भरावी. असा वाटा देण्याचा दर ग्रामसभेने ठरवावा, करार एका वर्षाचाच असावा, कायमची विक्री नाही. हे एक कलम सुटलं तर पाच वर्षांत गरजूंचे वाटे कर्जापोटी चार घरांत जमा झालेले दिसतील. आणि वाट्यांची यादी प्रत्येक आवर्तनाला चावडीवर लावावी: कुणाचे किती, वापरले किती, दिले कुणाला.