थंडरबर्ड: कागदपत्रांच्या मेलमध्ये बुडालेल्या ऑफिससाठी एकदम कामाचं

आधीच सांगतो, थंडरबर्ड या कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्रामचा हा रिव्ह्यू ज्यांना दिवसाला पाच-सहा मेल येतात त्यांच्यासाठी नाही, त्यांना ब्राउझरमधलं जीमेल पुरतं आणि मोबाईलवर तर अजूनच सोपं. ज्यांचा धंदाच मेलवर चालतो त्यांच्यासाठी लिहितोय. म्हसरूळला दिंडोरी रोडवर मामांचं द्राक्ष एक्स्पोर्टचं छोटं ऑफिस आहे आणि जानेवारी ते एप्रिल कागदपत्रांचं सगळं मी बघतो. एका कंटेनरमागे किती कागद लागतात ते हे काम केलेल्यालाच माहीत, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, लॅबचा रेसिड्यू रिपोर्ट (औषधांच्या अवशेषांचा), फायटो (मालाला कीड-रोग नसल्याचं सर्टिफिकेट), शिपिंग बिल (कस्टम्सचा कागद), बीएलचा म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीचा ड्राफ्ट आणि मग फायनल बीएल, आणि यातला एकेक कागद सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट), शिपिंग लाइन, लॅब आणि बायर यांच्यात दोन-चार वेळा तरी मेलवरून फिरतो. माल न्हावा शेवा बंदरावर पोचला आणि कागद अडकला तर रीफर (माल थंड ठेवणारा कंटेनर) तिथेच उभा, भाडं चालू, आणि आत द्राक्ष.

आमच्याकडे तीन पत्ते आहेत, एक स्वतःच्या डोमेनचा, एक जुनं जीमेल जे बायर लोक अजून सोडत नाहीत, आणि एक अकाउंट्सवाल्या ताईंचा. आधी विंडोजबरोबर येणारं मेल अॅप होतं, पण त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला आणि सगळ्यांना नव्या आउटलुककडे वळवलं. नवं आउटलुक दिसायला छान आहे, पण फुकटातल्या व्हर्जनमध्ये जाहिराती येतात आणि दुसऱ्या कंपनीचं अकाउंट जोडलं की ते मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून सिंक होतं. मामांना ते पटलं नाही, म्हणाले आपले रेट आपल्याच मशीनवर राहू देत, मध्ये अजून एक ठिकाण कशाला. म्हणून थंडरबर्ड टाकलं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी, हे मोझिलाचं आहे, फायरफॉक्सवाल्यांचं. पहिलं व्हर्जन डिसेंबर २००४ मध्ये आलं, म्हणजे वीस वर्षांहून जुनं, पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स, लोकांच्या देणग्यांवर चालतं. कोणी दहा वर्षांपूर्वी बघितलं असेल आणि जुनाट वाटलं म्हणून सोडलं असेल तर परत बघा, २०२३ च्या ११५ व्हर्जनपासून सगळा चेहरामोहरा बदललाय. डाउनलोड फक्त थंडरबर्ड डॉट नेट वरूनच करा, इकडच्या तिकडच्या साइटवरून नको.

आता सेटअप. नाव, मेल आयडी, पासवर्ड विचारतं आणि बाकीचं स्वतः शोधायला जातं. जीमेलला तर एक ब्राउझरसारखी विंडो उघडते, त्यात गूगलचं नेहमीचं लॉगिन करायचं, मोबाईलवर येणारं व्हेरिफिकेशन द्यायचं, झालं. त्यात एक ठिकाण असं येतं की गूगल विचारतं, थंडरबर्डला तुमचे सगळे मेल वाचायची, लिहायची, पाठवायची आणि कायमचे डिलीट करायची परवानगी द्यायची का. बरेच जण इथे घाबरून विंडो बंद करतात. अहो पण मेल प्रोग्रामचं कामच ते आहे, वाचणं, लिहिणं, डिलीट करणं. तुमचा पासवर्डही थंडरबर्डकडे राहत नाही, गूगल त्याला एक वेगळी चावी देतं जी तुम्ही गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन कधीही काढून घेऊ शकता. तेव्हा बिनधास्त अलाव करा.

स्वतःच्या डोमेनचं मेल असेल तर थोडं हातानं करावं लागू शकतं. ज्यांच्याकडून आम्ही डोमेन घेतलंय त्यांच्या सपोर्टवाल्यांनी नुसतं 'सेटिंग डिफॉल्टच आहेत सर' एवढंच उत्तर दिलं, त्यामुळे इथे नीट लिहून ठेवतो. येणाऱ्या मेलसाठी आयमॅप (ते काय ते खाली सांगतो), पोर्ट ९९३, सिक्युरिटी एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्या मेलसाठी एसएमटीपी, पोर्ट ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस आणि ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस, ही जोडी उलटीसुलटी झाली की मेल जात नाही. युजरनेममध्ये नुसतं नाव नाही तर अॅट आणि डोमेनसकट पूर्ण पत्ता टाकायचा, बहुतेक होस्टिंगला तोच लागतो. आणि हे लक्षात ठेवा की येणारा आणि जाणारा सर्व्हर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मेल येतात पण जात नाहीत' अशी तक्रार असेल तर अकाउंट उडवून परत टाकायची गरज नसते, अकाउंट सेटिंग्जमध्ये डावीकडे सगळ्यात खाली आउटगोइंग सर्व्हर आहे तिथे बघा, नव्वद टक्के वेळा गडबड तिथेच निघते.

सेटअप करताना आयमॅप की पीओपी असं विचारतं आणि लोक काहीही टिक करून पुढे जातात. हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यामुळे जरा थांबून वाचा. पीओपी म्हणजे सर्व्हरवरचं पोस्ट काढून आपल्या घरी आणणं, थंडरबर्डमध्ये ते काही दिवस सर्व्हरवर ठेवायचं सेटिंग असतं, डिफॉल्ट १४ दिवस, त्यानंतर सर्व्हरवरून साफ. म्हणजे पंधरा दिवसांनी मामांनी फोनवर जुना बीएल शोधला तर सापडणार नाही, तो फक्त ऑफिसच्या पीसीवर. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो आणि सगळीकडे तेच दिसतं, मी पीसीवर वाचला की मामांच्या फोनवरही वाचलेला, फोल्डर केला की तिथेही तो फोल्डर. एकापेक्षा जास्त माणसं किंवा एकापेक्षा जास्त मशीन असतील तर आयमॅपच घ्या.

पण आयमॅप म्हणजे बॅकअप नाही हेही समजून घ्या. एका ठिकाणी डिलीट झाला की सगळीकडून गेला. म्हणून आम्ही सीझन संपला की त्या वर्षाचे मेल लोकल फोल्डर्समध्ये घेतो. थंडरबर्डच्या डाव्या बाजूला तळाला लोकल फोल्डर्स असं दिसतं, त्यात ठेवलेलं सगळं फक्त तुमच्या हार्ड डिस्कवर. तिथे 'सीझन २०२४-२५' असा फोल्डर करायचा, आत बायरप्रमाणे फोल्डर. ओढून टाकू नका, आधी राइट क्लिक करून कॉपी टू करा, चार-सहा अटॅचमेंट उघडून खात्री करा आणि मगच सर्व्हरवरचे काढा. जीमेलला फुकटात १५ जीबी मिळतात आणि त्यात ड्राइव्ह आणि फोटोसुद्धा येतात, पॅकहाऊसचे मालाचे फोटो आणि पीडीएफ मिळून ते भराभर भरतात, त्यामुळे ही सफाई लागतेच.

जीमेलवाल्यांसाठी अजून एक, ऑल मेल नावाचा फोल्डर दिसेल त्यात प्रत्येक मेल परत असतो आणि तो सिंक केला की डिस्कवर जागा फुकट जाते. अकाउंटवर राइट क्लिक, सबस्क्राइब, आणि ऑल मेलवरची टिक काढा.

आता रोजच्या वापराचं, आणि इथेच मी याच्या प्रेमात आहे. तिन्ही अकाउंटचे इनबॉक्स एकत्र दिसतात, युनिफाइड फोल्डर्स म्हणतात त्याला, आणि वर क्विक फिल्टरची पट्टी आहे. कंटेनर नंबर म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे, त्यातले शेवटचे चार-पाच आकडे जरी त्या पट्टीत टाकले तरी त्या फोल्डरमधले त्या कंटेनरचे मेल समोर. नंबर विषयात नसेल तर शेजारी बॉडीचं बटण दाबायचं, मग आतल्या मजकुरातही शोधतं. त्याहून भारी म्हणजे सेव्ह्ड सर्च. शोधलेलं सेव्ह करून ठेवायचं आणि तो एक फोल्डरसारखा डावीकडे दिसत राहतो, त्यात तिन्ही अकाउंटचे इनबॉक्स आणि सेंट दोन्ही निवडता येतात. बायरचा फोन आला की 'त्या कंटेनरचं काय झालं', त्या फोल्डरवर क्लिक करायचं, आपण काय पाठवलं आणि त्यांनी काय म्हटलं ते तारखेनुसार ओळीनं. फक्त त्या फोल्डरमधला मेल डिलीट केला तर मूळ मेल जातो, फोल्डर डिलीट केला तर मेलला काही होत नाही. ताईंना हे आधी समजावून सांगितलं.

अटॅचमेंटची आठवण हा छोटासा फीचर आहे पण सोन्यासारखा. मेलमध्ये 'अटॅच्ड' वगैरे इंग्रजी शब्द लिहिला आणि फाइल जोडलीच नाही तर खाली पिवळी पट्टी येते आणि पाठवताना परत विचारतं. ही शब्दांची यादी आपल्याला वाढवता येते, सेटिंग्जमध्ये कंपोझिशनखाली कीवर्ड्स म्हणून आहे, मी तिथे इंग्रजीतून फायटो, बीएल आणि पीएफए (प्लीज फाइंड अटॅच्ड) टाकून ठेवलंय. रात्री अकरा वाजता चौथ्या कंटेनरचे कागद पाठवताना माणूस थकलेला असतो, तिथे हे फार उपयोगी पडतं.

लाइट गेली, राउटर बंद, तरी लॅपटॉपवर काम चालू राहतं कारण मेल डिस्कवर उतरवलेले असतात. कंट्रोल शिफ्ट एंटर दाबलं की मेल आउटबॉक्समध्ये जाऊन थांबतो आणि नेट आलं की सेंड अनसेंट मेसेजेस. दिंडोरीच्या पॅकहाऊसला रेंजचं काही खरं नसतं, तिकडे तर रोजच असं करावं लागतं.

सुरक्षेचं एक. बाहेरून येणारी चित्रं थंडरबर्ड स्वतःहून अडवतं, त्यामुळे तुम्ही मेल उघडला की नाही हे पाठवणाऱ्याला त्या चित्रांवरून कळत नाही. आणि एक्स्पोर्टवाल्यांनी पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता दिसेल असंच सेटिंग ठेवा, नुसतं नाव नको. बँक डिटेल बदललेत म्हणून येणारे खोटे मेल अगदी ओळखीच्या नावानं येतात, एखादं अक्षर बदललेलं डोमेन असतं. असा मेल आला तर उत्तर न देता आधी फोन करायचा, हे मामांनी सगळ्यांना सक्तीचं केलंय.

आता न आवडलेलं. सेटिंग्ज आणि अकाउंट सेटिंग्ज या दोन वेगळ्या जागा आहेत आणि नवा माणूस हमखास चुकीच्या जागी शोधत बसतो. वरचा मोठा सर्च बॉक्स वेगळ्याच टॅबमध्ये निकाल उघडतो, बाजूला फिल्टर, वर ग्राफ, मला तरी तो गोंधळाचा वाटतो, क्विक फिल्टरच बरा. डिलीट केलेले मेल फाइलमधून लगेच जात नाहीत, फोल्डर कॉम्पॅक्ट करावा लागतो, ते विचारतं तेव्हा हो म्हणा, डिस्कवर मोकळी जागा मात्र असू द्या. आणि जुनं अकाउंट मोठं असेल तर पहिलं सिंक रात्री लावून घरी जा, कामाच्या वेळात नको.

बॅकअपबद्दल, टूल्समध्ये एक्स्पोर्ट आहे पण ते २ जीबीपर्यंतच चालतं, आमच्यासारख्यांचं त्यात मावत नाही. मग हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडायचं, प्रोफाइल फोल्डरसमोर ओपन फोल्डर दाबायचं, थंडरबर्ड पूर्ण बंद करायचं आणि तो अख्खा फोल्डर एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करायचा. बंद करणं विसरू नका, चालू असताना कॉपी केलेलं अर्धवट येऊ शकतं. मेल, पासवर्ड, फिल्टर, अॅड्रेस बुक सगळं त्यातच असतं, म्हणून ती डिस्क कपाटात कुलपात ठेवा आणि सेटिंग्जमध्ये प्रायमरी पासवर्डही (साठवलेल्या पासवर्डना कुलूप लावणारा) लावा.

मोबाईलचं राहिलंच. के-नाइन मेल नावाचं जुनं अँड्रॉइड अॅप होतं, त्याच्यावरूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइडसाठी थंडरबर्ड आलं. पीसीवरच्या टूल्समध्ये एक्स्पोर्ट फॉर मोबाईल आहे, स्क्रीनवर क्यूआर येतो, मामांनी फोननं स्कॅन केला आणि सर्व्हर, पोर्ट काहीही टाइप न करता आयमॅपची अकाउंट फोनवर आली. मामा आता पिंपळगावच्या रस्त्यावर गाडीत मागे बसून फायटो फॉरवर्ड करतात आणि मला ऑफिसात तो लगेच सेंटमध्ये दिसतो.