महाप्यातली ईआयए कन्सल्टन्सी : पीएचडीवाल्यांनी इंटर्नशिपला जावं का?

पर्यावरणशास्त्रात पीएचडी करणाऱ्याला विद्यापीठाबाहेर काही महिने काम करायचं असेल, तर आपल्याकडे दोन वाटा हमखास सुचवल्या जातात. एक नागपूरच्या नीरीसारखी सरकारी संस्था, दुसरी ईआयए कन्सल्टन्सी, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय आघात होईल याचा रिपोर्ट करून देणारी कंपनी. पहिलीची माहिती सांगणारं कुणी ना कुणी प्रत्येक विभागात असतं. दुसरीचं नाव काढलं की सीनियर मंडळी गालातल्या गालात हसतात आणि ‘जा, बघ तरी’ म्हणतात. मी गेले आणि बघितलं. कंपनी नवी मुंबईत, महापे एमआयडीसीत. नाव लिहीत नाही. ऑफिस मध्यम आकाराचं, खालच्या मजल्यावर स्वतःची लॅब, वर रिपोर्ट लिहिणाऱ्यांची टीम. माझं संशोधन रत्नागिरीच्या सड्यांवरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवरच्या, वनस्पतींचं आहे. पुढचं सगळं तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी पैसे, कारण ज्युनियर तेच विचारतात. महिन्याला पंधरा हजार, फील्डवर राहणं-जेवण कंपनीचं. कोपरखैरण्यात खोली दोघींत घेतली तरी भाडं, डबा आणि ट्रेनचा पास जाऊन हातात फार काही राहत नाही. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (ज्युनियर फेलोशिप) ३७,००० आणि एसआरएफला (सीनियर) ४२,००० मिळतात, त्यामुळे फेलोशिपवाल्यांना हा आकडा फुटकळ वाटेल. तसंही फेलोशिप चालू असताना दुसरीकडून मानधन घ्यायचं म्हणजे लफडं, तेव्हा नुसता प्रवासखर्च घ्यावा आणि गाइडच्या सहीचं पत्र विद्यापीठातून आधीच पास करून घ्यावं. माझी फेलोशिप संपली होती, प्रबंध मात्र संपला नव्हता. म्हणून मला पंधरा हजारही चालले.

काम मिळालं ते रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका प्रस्तावित बॉक्साइट खाणीचं. सप्टेंबर २००६ ची ईआयए अधिसूचना एमएस्सीला सगळेच घोकतात, पण तिचा प्रत्येक शब्द कुणाचा तरी खर्च असतो हे इथे कळतं. खाणीभोवती १० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, त्यातली हवा, पाणी, माती, आवाज, झाडं, माणसं एका ऋतूत मोजायची आणि अधिसूचनेच्या परिशिष्टात दिलेल्या बारा प्रकरणांच्या साच्यात बसवायची. नेमकं काय तपासायचं हे ‘टीओआर’मध्ये, म्हणजे सरकारकडून आलेल्या कार्यकक्षेच्या पत्रात, लिहून आलेलं असतं. पहिला आठवडा कोऑर्डिनेटर सरांनी मला तो टीओआरच वाचायला लावला, एकेका मुद्द्यासमोर ‘कोण करणार, कधी, किती रुपयांत’ असे रकाने आखून. इतकं रुक्ष आणि इतकं उपयोगी काम मला विद्यापीठात कुणी दिलं नव्हतं.

हवेच्या टीमला पाचपैकी पाच. आरडीएस, म्हणजे हवेतली धूळ पकडणारं ते ट्रंकेएवढं यंत्र, मी आधी विभागाच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलंच पाहिलं होतं. इथे ते एका शाळेच्या गच्चीवर चढवलं, फिल्टर पेपर चिमट्याने बसवला, रात्री-अपरात्री उठून बदलला आणि वायू शोषून घेणाऱ्या काचेच्या नळ्यांभोवती (इंपिंजर) बर्फ टिकवायला गावातल्या मासेवाल्याशी ओळख काढली. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक वेळी सलग २४ तास. बारीक धुळीची, पीएम १० ची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, त्याहून बारीक पीएम २.५ ची ६० हे आकडे परीक्षेत लिहून मार्क मिळतात. पण त्या आकड्यापर्यंत पोचायला फिल्टर डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात ठेवून, आधी आणि नंतर वजन करून, दमट कोकणात तो ओला होणार नाही हे सांभाळावं लागतं. सॅम्पलिंगचे दादा या कामात मुरलेले. यंत्र कुठे ठेवायचं हे वाऱ्याची दिशा बघून ठरवतात असं मी त्यांना ऐकवलं, तर म्हणाले, “मॅडम, दिशा बरोबरच आहे. पण त्या दिशेला प्लग पाहिजे, आणि रात्रभर लाइट देणारा घरमालक पाहिजे.” शोधनिबंधांमध्ये सॅम्पलिंगच्या जागांचे नकाशे असतात, ते मी आता फार वेगळ्या नजरेने बघते.

लॅबही चोख. केमिस्ट मॅडम एकही नमुना लेबलाशिवाय हातात घेत नसत. बर्फाच्या पेटीतून उशिरा पोचलेली एक पाण्याची बाटली त्यांनी सरळ परत पाठवली, म्हणजे आम्हाला पुन्हा विहिरीवर पाठवलं. गाइडला दाखवावी अशी शिस्त.

आता जैवविविधता. इथे पाचपैकी दीड, तोही चहा चांगला होता म्हणून. या विषयाचा ऑफिसात पूर्णवेळ माणूस नव्हता. नाबेटच्या (ईआयए कन्सल्टन्सींना मान्यता देणारी संस्था) यादीतले तज्ज्ञ बाहेरून यायचे, दोन दिवस गाडीतून फिरायचे आणि जायचे. उरलेलं काम एक एक्सेल शीट करायची, जी एका रिपोर्टातून दुसऱ्यात जात आलेली. पहिल्यांदा उघडली तेव्हा वृक्षांच्या यादीत साल होता. साल म्हणजे छत्तीसगड-ओडिशाकडचा, तो कोकणात काय करतोय? कुठल्या तरी खाणीच्या जुन्या रिपोर्टातून तो चालत आला असणार. मी दाखवलं, सरांनी जीभ चावली, साल गेला. यादीतल्या बाकीच्या ओळी मी फील्डच्या वहीशी ताडून बघितल्या आणि बऱ्याच उडवल्या. त्याबद्दल कुणी रागावलं नाही, उलट बरंच वाटलं त्यांना. वेळ कुणाकडेच नव्हता, एवढीच खरी गोष्ट.

पण साल काढणं सोपं होतं. खरी अडचण ऋतूची. अशा प्रकल्पांना एका ऋतूची बेसलाइन, म्हणजे प्रकल्पाआधीच्या स्थितीची मोजणी, लागते आणि तो ऋतू पावसाळा सोडून. धुळीच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, पावसात हवा धुतली जाते आणि खाण निर्दोष दिसते. जांभ्याच्या सड्याच्या बाबतीत हाच नियम उलटा पडतो. सडा जगतो जून ते ऑक्टोबर. पहिल्या पावसानंतर दीपकाडी फुलते, मग डबक्यांच्या कडेने गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, कवला. आमची टीम पोचली उन्हाळ्यात. तेव्हा तिथे काय दिसतं? तापलेला काळाकुट्ट कातळ आणि करपलेलं गवत. उपग्रहाची प्रतिमाही उन्हाळ्यातलीच, त्यामुळे जमीनवापराच्या नकाशात सगळा सडा ‘खडकाळ पडीक’ या रंगात रंगवून मोकळे. ज्यांच्या घरावर यंत्र होतं त्या आजी मला म्हणाल्या, “पावसात ये गो, आता काय बघतस?” आमचा अख्खा टीओआर एका वाक्यात.

मी सरांना लेखी टिपण दिलं : प्रकाशित शोधनिबंध, हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) नोंदी आणि माझ्या प्रबंधासाठी आधीच्या पावसाळ्यांत केलेली निरीक्षणं. सर मनाने चांगले. म्हणाले, टीओआरमध्ये एकच ऋतू मागितलाय, दुसऱ्याचे पैसे क्लायंट देणार नाही, पण दुय्यम माहिती म्हणून परिच्छेद घालू. परिच्छेद गेला. कडेचा, पाणी साठणारा भाग खोदू नये अशी शिफारसही व्यवस्थापन आराखड्यात गेली. नकाशातला रंग मात्र तोच राहिला. वनस्पती किंवा पक्ष्यांवर काम करणाऱ्या कुणी इथे जायचं तर हे धरून जावं. तुमचं ज्ञान परिच्छेद होऊन जाईल, नकाशा बदलणार नाही. तरी तो परिच्छेद नसण्यापेक्षा असलेला बरा, असं माझं मत. माझ्या विभागातल्या काहींना हे पटत नाही आणि आमची त्यावर कॅन्टीनमध्ये चांगली जुंपते.

एक काम मात्र मागून घ्या : मराठी सारांश. जनसुनावणीच्या आधी स्थानिक भाषेतला सारांश द्यावाच लागतो. प्रदूषण नियंत्रण मंडळ निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस देतं आणि गावकऱ्यांच्या हातात पडतात ती हीच पानं. मूळ रिपोर्ट शेकडो पानांचा आणि इंग्रजी, तो ग्रामपंचायतीत पडून असला तरी कोण वाचणार? ऑफिसात हे काम कुणालाच नको असतं, शेवटच्या रात्री बाहेरून करून घेतात. मी मागितल्यावर आनंदाने दिलं. सड्याचा परिच्छेद मी त्यात फुलांच्या गावातल्या नावांसकट घातला, आणि तो कापायला कुणाला सवड झाली नाही.

डेटाचं आधीच स्पष्ट करून घ्या. इथे गोळा केलेलं सगळं क्लायंटचं असतं, प्रबंधात एक आकडासुद्धा वापरता येत नाही. अंतिम रिपोर्ट पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर चढला की तो कुणीही वाचावा आणि त्याचा संदर्भ द्यावा, पण कच्च्या नोंदी मिळत नाहीत. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. तुमचा अप्रकाशित डेटा टिपणात देताना काय छापायचं आणि काय नाही हे ईमेलवर लिहून घ्या. मी दुर्मीळ वनस्पतींच्या नेमक्या जागा दिल्या नाहीत, आणि कुणी आग्रहही धरला नाही.

रिपोर्टात नाव येईल या आशेवर जाऊ नका. सह्या नोंदणीकृत तज्ज्ञांच्या असतात, इंटर्नची जागा फार तर आभारात. एचआरचं अनुभवपत्रही ‘तीन महिने इंटर्न’ एवढ्या एका ओळीचं यायचं. सरांकडून वेगळं पत्र मागा आणि त्यात कुठल्या विषयात, कुठल्या प्रकल्पावर काय केलं ते लिहून घ्या. नंतर या क्षेत्रात नोकरी करायची झाली तर तेच कामाला येतं.

अर्ज कधी करायचा? सॅम्पलिंगचे ऋतू पावसानंतरचा, हिवाळा आणि उन्हाळा. तेव्हा सप्टेंबरात किंवा जानेवारी-फेब्रुवारीत लिहा. पावसाळ्यात गेलात तर तीन महिने नुसत्या टेबलांचे फॉरमॅट सरळ करत बसाल. हवा, पाणी, मॉडेलिंगवाल्यांनी डोळे झाकून जावं, हवेत प्रदूषण कसं पसरतं ते काढणारं एअरमॉड चालवायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. सामाजिक अभ्यासवाल्यांनीही जावं, फील्डवर सगळ्यात जास्त तेच बोलतात. माझ्यासारख्यांनी प्रबंधाचं फील्डवर्क उरकल्यावर, म्हणजे हातात स्वतःच्या पावसाळी नोंदी असताना. आणि जवळच्या स्टेशनवरून शेअर रिक्षा पकडा, सकाळी महाप्याला उतरून रस्ता ओलांडणं हा वेगळाच पर्यावरणीय आघात आहे.