चोर्ला घाटासाठी कुठला ऑटोमॅटिक: डीसीटी की टॉर्क कन्व्हर्टर?

नव्या ऑटोमॅटिक एसयूव्हीबद्दल बेळगाव-खानापूर भागात कानावर येणारी तक्रार बहुतेक एकच: घाटात गाडी झटके देते, मग पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना. अशी गाडी बहुधा ड्राय क्लच डीसीटीची असते. डीसीटी म्हणजे ड्युअल क्लच ट्रान्समिशन, दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार, म्हणून निपाणीकडे हायवेला ती झकास पळते, मायलेजही चांगलं. पण गोव्याहून परतताना चोर्ल्याच्या चढावर इंचाइंचाने सरकायची वेळ आली की क्लच अर्धवट लागलेला राहतो, घासतो, आणि त्याला थंड करायला तेल नसतं. त्यात ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर क्लच प्लेटची वाटच लागते. कृपा करून असं करू नका. वेट क्लचवाली डीसीटी जास्त तग धरते, कारण तिचे क्लच तेलात असतात.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाचा जोर तेलातून पुढे जातो, त्यामुळे हळू सरकणं त्याला सोसतं. जरा सुस्त, इंधनही थोडं जास्त.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रोज अडकत असाल तर टॉर्क कन्व्हर्टरच घ्या. आणि टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर नको. चढावर थांबवून गाडी पुन्हा उचलून बघा.