युरोपच्या राजवटींचा भिंत-तक्ता: नऊ महिने वापरल्यानंतर

परवा तक्त्याची उजवी कड पुन्हा सुटली. पावसाळ्यात सुटली तेव्हा रुंद सेलोटेपवर भागलं होतं. या वेळी लॅमिनेशनच वर आलंय आणि त्याबरोबर फ्रेंच राज्यक्रांतीचा कोपरा कागदासकट उचलला गेलाय. १,४५० रुपये मोजून घेतलेली वस्तू नऊ महिन्यांत अशी व्हावी याचा राग आहे. पण कडेपेक्षा मोठी तक्रार दुसरीच आहे, आणि तीच सविस्तर सांगायची आहे.

मी बी.ए.च्या आणि सेट-नेटच्या मुलांना इतिहास शिकवते. शार्लमेनच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे ८०० पासून १७८९ पर्यंत आडवा पसरलेला हा तक्ता आमच्या शिकवणीच्या खोलीची एक अख्खी भिंत व्यापतो. प्रत्येक राज्याला रंगाची एक पट्टी, पट्टीत राजे, आणि निर्णायक घटनांना काळा त्रिकोण. माप, कागद वगैरे खोक्यावर छापलेलं आहेच.

आधी चांगलं सांगते, कारण पहिले तीन महिने मी हा तक्ता दिसेल त्याला घ्यायला सांगत होते.

पुस्तकात राजे एकामागून एक येतात. तक्त्यावर ते शेजारी उभे राहतात. १५२० च्या दशकावर बोट ठेवलं की इंग्लंडचा आठवा हेन्री, फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस, पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे मुख्यतः जर्मन राज्यांचा, सम्राट पाचवा चार्ल्स आणि तुर्कांचा सुलतान सुलेमान असे चौघेही एका उभ्या रेषेत सापडतात. चार्ल्सने पोपविरुद्ध उठलेल्या धर्मसुधारक ल्यूथरच्या पाठीराख्या जर्मन राजांना वेळीच का चिरडलं नाही, हा प्रश्न मुलं दरवर्षी विचारतात. आता मी फक्त खालच्या तुर्कांच्या पट्टीकडे बोट दाखवते: १५२१ बेलग्रेड, १५२६ मोहाच, १५२९ व्हिएन्नाचा वेढा. तुर्क दाराशी आलेले असताना चार्ल्सला त्याच जर्मन राजांकडून पैसा आणि सैन्य हवं होतं. एरवी हे समजावताना अर्धा तास जायचा.

चार्ल्स दोन पट्ट्यांत आहे, स्पेनच्या पट्टीत पहिला आणि साम्राज्याच्या पट्टीत पाचवा, आणि दोन्ही नावं तुटक रेषेने जोडली आहेत. ही रेषा ज्याने आखली त्याला विषय कळतो. तिच्यावरूनच एका मुलाला २४ फेब्रुवारी सापडली. चार्ल्स जन्मला २४ फेब्रुवारी १५०० ला, पाव्हियाच्या लढाईत फ्रान्सिस त्याच्या कैदेत आला तो २४ फेब्रुवारी १५२५ ला, आणि बोलोन्याला पोपने त्याला मुकुट चढवला तो २४ फेब्रुवारी १५३० ला. राज्याभिषेकासाठी वाढदिवस मुद्दाम निवडलेला, पण लढाई त्या दिवशी आपसूक आली. ते त्रिकोण जोडून दाखवताना त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे होतं, त्यासाठी मी अजून १,४५० रुपये दिले असते.

पोर्तुगालची पट्टीही अशीच. १५८० ला ती स्पेनच्या रंगात विरते आणि १६४० ला पुन्हा वेगळी होते. म्हणजे या साठ वर्षांत गोव्याचा धनी माद्रिदचा राजा होता. स्पेनशी लढणारे डच आपल्या समुद्रात येऊन पोर्तुगीजांच्या ठाण्यांवर का तुटून पडले, हे त्या एका रंगावरून कळतं.

मग ऑक्टोबरात तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, हा निघायच्या आधीच कसा पोचला?”

हॉलंडच्या पट्टीत लिहिलं होतं: ११ नोव्हेंबर १६८८, ऑरेंजचा विल्यम (डच राजपुत्र) हेलेव्हूटस्लाइस बंदरातून निघाला. इंग्लंडच्या पट्टीत: ५ नोव्हेंबर १६८८, विल्यम टॉर्बेला उतरला. दोन्हींमध्ये वीतभरही अंतर नव्हतं. तीन महिने रोज ती भिंत बघत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मला ती सरळ छपाईची चूक वाटली. फोटो काढून विक्रेत्याला पाठवला, तीनदा फोन केला. “मॅडम, परतीची मुदत सात दिवसांची होती,” हे पहिल्या फोनवर. “तारखा पुस्तकांतूनच घेतल्यात,” हे दुसऱ्या फोनवर. तिसऱ्या वेळी पुढच्या खरेदीवर शंभर रुपयांची सूट देऊ केली. मी सूट मागत नव्हते. मुलांसमोर लावलेल्या भिंतीवर चुकीची तारीख नको, एवढंच माझं म्हणणं होतं.

त्याच आठवड्यात, चूक किती ठिकाणी आहे ते बघावं म्हणून मोजपट्टी हातात घेऊन १५८० पासून पुढचा प्रत्येक त्रिकोण तपासला. लुत्झेनची लढाई दोनदा सापडली. स्वीडनच्या पट्टीत राजा गुस्ताव अडॉल्फ ६ नोव्हेंबर १६३२ ला तिथे मारला जातो, साम्राज्याच्या पट्टीत तीच लढाई १६ नोव्हेंबरला होते. बरोबर दहा दिवस. तेव्हा लख्ख कळलं. विल्यमच्या दोन्ही तारखा बरोबर होत्या. विक्रेत्याला फोन करून मी तसं सांगितलं आणि चुकीची तक्रार मागे घेतली.

१५८२ ला तेराव्या ग्रेगरी पोपने पंचांग सुधारलं. जुन्या ज्युलियन गणतीत वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठं धरलेलं. शतकानुशतकं ती मिनिटं साचून वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होण्याचा दिवस, २१ मार्चवरून ११ मार्चपर्यंत मागे सरकला, आणि ईस्टरचा हिशेब संपातावर, म्हणून पोपला घाई. स्पेन, पोर्तुगाल आणि पोलंडमध्ये ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरला गेला. आविलाची संत तेरेसा नेमकी त्याच रात्री वारली, म्हणून तिचा सण १५ तारखेला येतो. फ्रान्स डिसेंबरात आलं. पण पोपचं पंचांग प्रोटेस्टंटांनी का मानावं? हॉलंड प्रांताने व्यवहाराच्या सोयीसाठी लवकर मानलं, जर्मनीतल्या प्रोटेस्टंट राज्यांनी १७०० पर्यंत लांबवलं, इंग्लंड १७५२ पर्यंत अडून बसलं, स्वीडन १७५३ पर्यंत. म्हणजे विल्यम हॉलंडच्या ११ तारखेला निघाला, ती इंग्लंडची १ तारीख. चार दिवसांचा प्रवास करून तो इंग्लंडच्या ५ तारखेला उतरला. घोळ कसलाच नाही.

इंग्लंडचं नवं वर्षही २५ मार्चला लागायचं. राणी पहिली एलिझाबेथ वारली २४ मार्चला, वर्ष संपायच्या शेवटच्या दिवशी. आपण ते १६०३ म्हणतो. तिच्या कारकुनांसाठी ते १६०२ होतं. तिचा दरबारी रॉबर्ट कॅरी घोडे बदलत बदलत २६ तारखेला रात्री एडिंबराला पोचला आणि तिचा वारस, स्कॉटलंडचा राजा जेम्स, याला बातमी दिली. स्कॉटलंडने १६०० पासूनच १ जानेवारी धरली होती, त्यामुळे जेम्सकडे साल १६०३ च चालू होतं. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडाच्या हुकुमावर ५९ जणांच्या सह्या आहेत आणि साल १६४८ आहे, कारण जानेवारी त्यांच्या लेखी जुन्याच वर्षात. तक्त्यावर १६४९ छापलंय. म्हणजे महिना-दिवस जुना आणि साल नवं, असा मिश्र हिशेब छापून तो कुठेही सांगितलेला नाही.

माझी खरी तक्रार हीच. एवढ्या लांब कागदावर पट्टीखाली तीन ओळी पुरल्या असत्या: कोणत्या राज्याची तारीख कोणत्या गणतीने दिली आहे. मी तसं विक्रेत्याला कळवलं, पुढच्या छपाईत घाला म्हणून विनवलं. उत्तर आलं, तुमची तक्रार मिटवण्यात आली आहे.

दिवाळीपर्यंत माझं मत होतं की सगळ्या तारखा ग्रेगोरियन करूनच छापायला हव्या होत्या. आता तसं वाटत नाही. विल्यमला १५ नोव्हेंबरला उतरवलं तर तारीख नीट बसेल आणि अर्थ जाईल. ५ नोव्हेंबर हा १६०५ च्या बारूद-कटाचा दिवस. कॅथलिक कटातून देवाने राजाला वाचवलं म्हणून इंग्रज त्या दिवशी होळ्या पेटवायचे. कॅथलिक राजाला हटवायला आलेला विल्यम त्याच दिवशी किनाऱ्याला लागला, यात लोकांना दैवी हात दिसला. त्यांच्या तारखा त्यांच्याच राहू द्याव्यात, फक्त खूण हवी.

आपल्याला हे परकं नाही. शिवजयंती तिथीने की तारखेने, हे आपल्या घराघरांत बोललं जातं. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही ज्युलियन आहे. ग्रेगोरियन धरली तर १ मार्च येते. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया म्हटलं की दोन्ही पंचांगांचा प्रश्नच उरत नाही. हे सांगितल्यावर मुलांना लुत्झेन पुन्हा समजवावं लागलं नाही.

शेवटी खूण मीच केली. साठ रुपयांच्या गोल रंगीत टिकल्या आणल्या, जुन्या गणतीला लाल, नव्याला हिरवी, आणि दोन रविवार मुलांना घेऊन १५८२ ते १७५२ चा पट्टा तपासला. तीस वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या वेस्टफेलियाच्या तहाला दोन्ही टिकल्या लागल्या: २४ ऑक्टोबर १६४८, आणि जुन्या गणतीने १४. सगळ्यात जास्त वाद झाला तो मुंबईवर. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या राजाला दिली तेव्हा मुंबई आंदणात गेली. तक्त्यावर १६६१ चा तो विवाहाचा करार आहे, मुंबईचा ताबा इंग्रजांना मिळाल्याचा दिवस नाही. मुलांनी तो पेनाने लिहिला. पोर्तुगीजांच्या हिशेबाने १८ फेब्रुवारी १६६५, इंग्रजांच्या हिशेबाने तोच दिवस ८ फेब्रुवारी १६६४. दोघांची माणसं एकाच ठिकाणी उभी, आणि कागदांत एका वर्षाचं अंतर.

आधी पाच तारे दिले असते, ऑक्टोबरात एक, आज साडेतीन. अर्धा कडेसाठी कापला, एक त्या तीन न छापलेल्या ओळींसाठी. शिकवणारे असाल तर घ्या, आणि सोबत टिकल्याही घ्या. स्वतःच्या अभ्यासासाठी एकट्याने वापरणार असाल तर १५८२ नंतरची कोणतीही तारीख यावरून उतरवून घेऊ नका.

लॅमिनेशनवाल्याने कड पुन्हा दाबून द्यायचे ८० रुपये सांगितलेत. उद्या नेणार आहे. यंत्राच्या गरमीने टिकल्या सुटतील म्हणाला, म्हणून १५८२ पासूनच्या भागाचे आज फोटो काढून ठेवलेत.